हस्तलिखिताची लांबी प्रकाशकाला नेमकी कोणत्या मापात कळवावी?

उंबरठ्यावरची लेखिका

नमस्कार. माझ्या पहिल्या कादंबरीचा अंतिम मसुदा तयार झाला असून तो प्रकाशकांकडे पाठवण्यापूर्वी एका अगदी प्राथमिक वाटणाऱ्या प्रश्नापाशी मी अडले आहे: या मजकुराची लांबी किती आहे, हे सांगायचे तरी कसे?

अडचण अशी की ज्या तीन ठिकाणी मजकूर पाठवायचा आहे, त्या तिन्ही ठिकाणी मागणी वेगवेगळ्या मापात केलेली आहे. पहिल्या प्रकाशकाच्या सूचनापत्रात ‘शब्दसंख्या कळवावी’ एवढेच आहे. दुसऱ्याने ‘छापील २०० पानांपेक्षा मोठे लेखन सध्या विचारात घेतले जाणार नाही’ असे स्पष्ट केले आहे. तिसरी एक परदेशी अनुवाद-योजना असून तिला कादंबरीतील १० प्रमाणपानांचा नमुना हवा आहे आणि प्रमाणपान म्हणजे मोकळ्या जागा धरून १,८०० वर्ण, अशी व्याख्या तिने दिली आहे.

मी सारा मजकूर युनिकोडमध्ये, ए-फोर आकाराच्या पानावर, चारही बाजूंना एक इंच समास आणि ओळींमध्ये दुहेरी अंतर ठेवून टंकलिखित केला आहे. एका पानावर साधारण २५ ओळी बसतात आणि एकूण पाने २४८ झाली आहेत. लेखनविषयक मार्गदर्शनात नेहमी सांगितले जाते की अशा मांडणीच्या एका पानावर २५० शब्द असतात; त्या हिशेबाने माझी कादंबरी ६२,००० शब्दांची भरते. संगणक मात्र ५१,४०० शब्द आणि मोकळ्या जागांसह सुमारे ३,३९,००० वर्ण दाखवतो. दहा हजार शब्दांहून अधिक फरक पडावा, इतकी माझी मोजणी चुकली आहे का? आणि चुकली नसेल, तर या दोनपैकी कोणता आकडा प्रकाशकाला कळवणे प्रामाणिकपणाचे ठरेल? कादंबरीत १९ प्रकरणे आहेत आणि संवाद बरेच आहेत. तळटिपा किंवा परिशिष्टे नाहीत.

निवृत्त संपादक

तुमची मोजणी चुकलेली नाही. हे दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि ही गोष्ट लक्षात न आल्यामुळे अनेक वर्षे लिहिणारी मंडळीसुद्धा गोंधळात पडलेली मी पाहिली आहेत.

‘पानाला २५० शब्द’ हा हिशेब टाइपरायटरच्या काळातला आणि इंग्रजी टंकलेखनातला आहे. त्या यंत्रावर प्रत्येक अक्षराला, मग ते रुंद असो वा अरुंद, सारखीच जागा मिळत असे. पायका नावाच्या आकारात एका इंचात १० अक्षरे बसत, म्हणजे सहा इंचांच्या ओळीत ६०. इंग्रजी शब्द त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेसह सरासरी सहा अक्षरांचा धरला, की एका ओळीत १० शब्द होतात, आणि पानावर २५ ओळी असल्या की २५० शब्द. एलिट हा त्याहून बारीक आकार वापरला, तर इंचात १२ अक्षरे बसत आणि तेच पान ३०० शब्दांचे मानले जाई. यात कोणीही प्रत्यक्ष शब्द मोजलेले नाहीत. मोजली आहे ती जागा.

प्रकाशकाला त्या काळी जागाच जाणून घ्यायची होती. कोणी ‘हो.’ एवढेच उत्तर दिले, तरी ते उत्तर छापील पुस्तकात एक पूर्ण ओळ अडवते. प्रकरण पानाच्या मध्यावर संपले, तर उरलेले अर्धे पान कोरे जाते, पण कागदाच्या हिशेबात ते पूर्णच धरावे लागते. म्हणून त्या पद्धतीत ‘हो.’ ची ओळसुद्धा १० शब्दांची आणि अर्धे पानसुद्धा २५० शब्दांचे मानले जाई. तुमच्या कादंबरीत संवाद बरेच आहेत, म्हणजेच अर्धवट ओळी बऱ्याच आहेत, आणि तुमच्या दोन आकड्यांतील फरकाचा मोठा भाग तिथेच दडलेला आहे.

उरलेला भाग लिपीचा आणि भाषेचा आहे. देवनागरीत सर्व अक्षरांची रुंदी सारखी नसते. शिवाय मात्रा, वेलांटी, रफार वर आणि उकार खाली जात असल्यामुळे देवनागरीचे फॉन्ट उंचीला जास्त जागा घेतात, आणि ‘दुहेरी अंतर’ म्हणजे नेमके किती, हे प्रत्येक फॉन्टगणिक बदलते. तुमच्या पानाची सरासरी काढली तर ती सुमारे २०७ शब्द येते, आणि मराठी मजकुराच्या बाबतीत त्यात वावगे काहीच नाही. खरे तर इंग्रजीतला २५० चा गुणक मराठी पानाला लावण्याला आधारच नाही, आणि तरीही तो नियम मराठीत सर्रास सांगितला जातो, याचे मला कायम आश्चर्य वाटत आले आहे.

तेव्हा पहिल्या प्रकाशकाला संगणकाने दाखवलेलाच आकडा कळवावा. आज ‘शब्दसंख्या’ असे म्हटले की संगणकीय शब्दगणनाच अभिप्रेत असते, आणि संपादकाकडे तुमची फाइल पोहोचल्यावर तो पहिल्याच मिनिटात ती पडताळून पाहू शकतो. आकडा मात्र पूर्णांकात आणून, ‘सुमारे ५१,००० शब्द’ असा द्यावा. ‘५१,३८७ शब्द’ असे लिहिणाऱ्या लेखकाविषयी संपादकाच्या मनात उगाचच अशी शंका येते, की हा माणूस एकही शब्द कमी करू देणार नाही.

आणखी एक सूचना, मागितलेली नसली तरी. पानांची मर्यादा पाळण्यासाठी फॉन्ट अर्ध्या पॉइंटने लहान करणे किंवा समास चिमटणे, हे उपाय कृपया करू नयेत. ज्याने आयुष्यभर मुद्रणप्रती हाताळल्या आहेत, त्याच्या नजरेतून दाट झालेले पान सुटत नाही.

दुसऱ्या भाषेतून

मी अनुवादक असल्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे प्रमाणपानाविषयी, थोडे सविस्तर लिहितो.

१,८०० वर्णांचे पान ही काही त्या योजनेची स्वतःची कल्पना नाही. जर्मन प्रकाशनव्यवहारात ३० ओळी आणि प्रत्येक ओळीत ६० वर्ण असे पान प्रमाण मानतात, आणि ३० गुणिले ६० म्हणजेच १,८००. इटली आणि चेक प्रजासत्ताक येथेही १,८०० वर्णांचे पान रूढ आहे. रशियन व्यवहारात पानाऐवजी ‘लेखकाचा ताव’ हे माप चालते: एक ताव म्हणजे मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून ४०,००० वर्ण, आणि मजकूर पद्यात असेल तर ७०० ओळी. तुमची कादंबरी त्या मापाने सुमारे साडेआठ तावांची होईल. जपानमध्ये हस्तलिखितासाठी २० गुणिले २० चौकटींचा, म्हणजे ४०० अक्षरांचा कागद वापरण्याची पद्धत होती, आणि लेखन संगणकावर होऊ लागल्यानंतरही कित्येक स्पर्धांच्या नियमांत ‘इतके ताव’ अशीच मर्यादा दिलेली असते. जपानी आणि चिनी लिपींत शब्दांमध्ये मोकळी जागाच सोडत नाहीत, त्यामुळे तिथे शब्द मोजण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अक्षरेच मोजावी लागतात.

हे सारे सांगण्याचे कारण असे की वर्ण मोजण्याची पद्धत ज्या लिप्यांत रुजली, तिथे ‘एक वर्ण’ म्हणजे काय याविषयी फारसा वाद नाही. देवनागरीत तो आहे. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर आहे, परंतु युनिकोडमध्ये स, हलन्ताचे चिन्ह, त, पुन्हा हलन्ताचे चिन्ह, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा घटक मिळून ते तयार होते. ‘कार्यकर्ता’ या शब्दात वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात. त्यामागचे युनिकोड घटक मात्र १० आहेत. आता मोजणारे साधन घटक मोजते की दिसणारी अक्षरे मोजते, यावर एकाच फाइलचे दोन आकडे येऊ शकतात, आणि त्यांत किरकोळ नव्हे तर चांगलाच फरक असतो. संगणकावरील नेहमीची लेखन-साधने जो आकडा दाखवतात, तो सामान्यतः घटकांचा असतो. तुमच्या ३,३९,००० या आकड्याला ५१,४०० ने भागले तर शब्दामागे मोकळ्या जागेसह सुमारे ६.६ येतात; हे प्रमाण घटकांच्या मोजणीशीच जुळते.

यावरून १० प्रमाणपाने म्हणजे १८,००० वर्ण, आणि तुमच्या मांडणीतील एका पानावर सरासरी १,३६७ वर्ण येत असल्याने तुमच्या प्रतीतील सुमारे १३ पाने पाठवावी लागतील. १० पाने मागितली म्हणून तुमच्या प्रतीची १० पाने पाठवली असती, तर नमुना बराच अपुरा पडला असता. तथापि पाठवण्यापूर्वी योजनेकडे एक प्रश्न अवश्य विचारावा: ही मर्यादा मूळ मराठी मजकुराला आहे की त्याच्या अनुवादाला? अनुवादाच्या व्यवहारात मोजणी मूळ मजकुरावर करायची की अनुवादित मजकुरावर, हा करारातील पहिला मुद्दा असतो, कारण एकच मजकूर भाषा बदलली की फुगतो किंवा आकसतो.

शब्दसंख्येच्या बाबतीत तर हा फरक फारच ठळक होतो. इंग्रजीत ‘इन फ्रंट ऑफ द हाउस’ हे पाच शब्द झाले. हिंदीत ‘घर के सामने’ हे तीन झाले. मराठीत ‘घरासमोर’ हा एकच शब्द, कारण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये आपण शब्दाला जोडून लिहितो. ‘मुलांसाठीसुद्धा’ म्हणताना आपण जे एका शब्दात सांगतो, त्याला हिंदीत ‘बच्चों के लिए भी’ असे चार शब्द लागतात. म्हणून ५१,४०० मराठी शब्दांची कादंबरी इंग्रजीत गेल्यावर तेवढ्याच शब्दांची राहील, असे समजू नये. ती लक्षणीय वाढेल.

यातून एक सावधगिरीचा मुद्दा निघतो. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी दिल्या जाणाऱ्या नेब्युला पुरस्काराच्या नियमांत ७,५०० शब्दांपर्यंत लघुकथा, तिथून १७,५०० पर्यंत दीर्घकथा, १७,५०० ते ४०,००० लघुकादंबरी आणि ४०,००० च्या पुढे कादंबरी, अशी वर्गवारी आहे. हे आकडे पुष्कळदा साऱ्या साहित्याला लागू असल्यासारखे सांगितले जातात. प्रत्यक्षात ते एका पुरस्काराच्या सोयीसाठी आखलेले आणि इंग्रजी शब्द डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले आहेत. आपले ३८,००० शब्दांचे मराठी लेखन केवळ या तक्त्यामुळे ‘लघुकादंबरी’ ठरवण्याचे काहीच कारण नाही.

उंबरठ्यावरची लेखिका

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. ‘१० पाने म्हणजे १३ पाने’ हे गणित मला स्वतःहून कधीच सुचले नसते. मी खरोखरच पहिली १० पाने वेगळी काढून ठेवली होती. योजनेला प्रश्न आजच पाठवते.

आता उरला तो छापील २०० पानांचा प्रश्न. माझी प्रत २४८ पानांची आहे म्हणून ती मर्यादेबाहेर गेली, असे मी गृहीत धरले होते. परंतु दुहेरी अंतराचे ए-फोर पान आणि छापील पुस्तकाचे पान यांचा परस्परसंबंध काय, हे मला ठाऊक नाही. शिवाय आणखी एक शंका: याच फाइलची शब्दसंख्या माझ्या बहिणीच्या संगणकावर ५१,४०० ऐवजी ५०,२५० अशी दिसली. तिच्याकडे लिबरऑफिस आहे, माझ्याकडे मायक्रोसॉफ्ट वर्ड. फाइल उघडताना काही मजकूर गहाळ झाला असेल का?

खिळे आणि शाई

मी अक्षरजुळणीचे काम करतो. आधी तुमची शंका, कारण तिचे उत्तर लहान आहे. संवादाच्या आरंभी तुम्ही मोठी आडवी रेघ देऊन नंतर मोकळी जागा सोडता का? तसे असेल तर गहाळ काहीच झालेले नाही. वर्ड हे दोन मोकळ्या जागांच्या मधले जे काही असेल ते शब्द म्हणून मोजते. मग ती नुसती रेघ का असेना. लिबरऑफिस मात्र अशा रेघांना मूळच्या मांडणीनुसार शब्दांना विभागणारे चिन्ह मानते आणि मोजत नाही. फरक ११५० चा आहे, म्हणजे तुमच्या कादंबरीत तेवढ्या सुट्या रेघा असाव्यात. रेघ शोधून तिची संख्या मोजा, म्हणजे खात्री होईल. याच्या उलटही घडते: ‘येतो–जातो’ असे मोकळ्या जागेविना जोडलेले शब्द वर्डमध्ये एक आणि लिबरऑफिसमध्ये दोन भरतात. पूर्णविराम म्हणून दंड वापरणारे आणि त्याच्या आधी जागा सोडणारे काही लेखक असतात. त्यांच्या मजकुरात तर प्रत्येक वाक्यामागे एक शब्द फुकट वाढतो.

जाता जाता ज्यांचे लेखन अजूनही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे त्यांच्यासाठी: त्या फाइलमधील वर्णसंख्येवर मुळीच विसंबू नये. त्या फॉन्टमध्ये अर्धे अक्षर, काना, मात्रा यांचे आकार वेगवेगळ्या कळींवर बसवलेले असत, त्यामुळे तोच मजकूर युनिकोडमध्ये आणला की वर्णांचा आकडा बदलतो. शब्दसंख्या बहुतेक तीच राहते, कारण मोकळी जागा दोन्हीकडे मोकळी जागाच असते.

आता छापील पाने. तुमच्या २४८ या आकड्याचा इथे काही उपयोग नाही. तो विसरून जावा. छापील पानावर किती मजकूर मावेल, हे पुस्तकाचा आकार, मजकुराच्या चौकटीची लांबी-रुंदी, अक्षराचा आकार आणि दोन ओळींतील अंतर या चार गोष्टींवर ठरते, आणि त्या चारही प्रकाशकाच्या हातात असतात. डेमी आकाराच्या, म्हणजे साडेपाच गुणिले साडेआठ इंचांच्या पुस्तकात पानावर ३० ओळी आणि ओळीत सुमारे ९ शब्द धरले, तर पान २७० शब्दांचे दिसते. पण हे झाले ठासून भरलेल्या निवेदनाचे पान. संवाद आले की ते खाली घसरते.

म्हणून आम्ही गुणाकारावर विसंबून राहत नाही. तीन प्रकरणे निवडावीत: एक संवादांनी भरलेले, एक मुख्यतः निवेदनाचे आणि एक मधले. पानाचा आकार पुस्तकाएवढा करून ती प्रकरणे त्यात ओतावीत. प्रत्येक प्रकरणाचे पहिले आणि शेवटचे पान सोडून मधल्या पूर्ण पानांवरचे शब्द मोजावेत आणि पानांच्या संख्येने भागावेत. समजा ३४ पूर्ण पानांवर ८,१६० शब्द भरले, तर पानाला सरासरी २४० पडले. तुमच्या एकूण शब्दांना या सरासरीने भागले की निव्वळ मजकुराची पाने मिळतात.

त्यात मग कोऱ्या जागांची भर घालावी. प्रकरणाचे शीर्षक पानाच्या वरच्या टोकापासून बरेच खाली घेतात, आणि शेवटचे पान कुठेही संपते. दोन्ही मिळून प्रकरणामागे पाऊण पानापेक्षा थोडी जास्त जागा रिकामी जाते असे धरले, तर तुमच्या १९ प्रकरणांसाठी १५ पाने वाढतील. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावरच सुरू करण्याचा प्रकाशकाचा आग्रह असेल तर आणखी. अर्धशीर्षक, शीर्षकपान, हक्कांचे पान, अर्पणपत्रिका, मनोगत मिळून आरंभीची ८ पाने सहज होतात. लेखक ही पाने नेहमी विसरतात.

शेवटची गोष्ट फॉर्मची. पुस्तक एकेक पान छापून तयार होत नाही. मोठ्या कागदावर १६ पाने एकदम छापून, घड्या घालून, त्या गड्ड्या एकत्र शिवल्या किंवा चिकटवल्या जातात. ही १६ पानांची गड्डी म्हणजे फॉर्म. पुस्तकाची पाने त्यामुळे १६ च्या पटीत, किंवा अर्धा फॉर्म घ्यायचा ठरवले तर ८ च्या पटीत येतात. ‘२०० पाने’ म्हणजे नेमके साडेबारा फॉर्म. तुमचा हिशेब २०१ पानांवर गेला, तर प्रत्यक्षात छपाई २०८ पानांची, म्हणजे १३ फॉर्मची होते, आणि त्या एका पानापायी ७ पाने कोरी राहतात. तेव्हा एखादा संपादक ‘एवढी तीन पाने कमी करा’ असे म्हणत हटून बसला, तर त्यामागे नेहमीच साहित्यिक कारण असेल असे समजू नये.

पद्यपंक्ती

वरील चर्चा गद्याला धरून झाली, म्हणून एक छोटी पुस्ती जोडते. कवितासंग्रहाची शब्दसंख्या कळवणे जवळजवळ निरर्थक असते. कवितांची संख्या आणि पानांचा अंदाज द्यावा, आणि बहुतेक कविता एका पानात बसतात की दोन पानांत जातात, हे सांगावे. एखादी कविता २८ ओळींची आहे की ३२ ओळींची, यावर ती पान उलटते की नाही हे ठरते, आणि संपूर्ण संग्रहाची पाने त्यावर हलतात.

नाटकाच्या बाबतीत प्रयोगाचा वेळ सांगावा. पटकथेत एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट असा स्थूल आडाखा आहे, पण तो ठराविक मांडणीतील पानालाच लागू पडतो. रंगमंचीय संहितेला तो तसाच लावू नये, ती घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिलेली बरी. मुलांच्या चित्रपुस्तकात तर पाने आधी ठरतात आणि मजकूर मागाहून त्यांत बसवला जातो. अशी पुस्तके बहुधा ३२ पानांची असतात, म्हणजे वर सांगितलेले दोन फॉर्म. तिथे ‘माझी गोष्ट ६०० शब्दांची आहे’ यापेक्षा ‘माझी गोष्ट इतक्या चित्रांत उलगडते’ हे सांगणे अधिक उपयोगाचे.

निवृत्त संपादक

‘खिळे आणि शाई’ यांनी सांगितलेली तीन प्रकरणांची रीत हीच खरी. पूर्वी हेच काम हाताने करावे लागे. लेखकाकडून कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेली फुलस्केप पाने येत. त्यांतील वेगवेगळ्या ठिकाणची दहा-बारा पाने घेऊन ओळीतील शब्दांची सरासरी, पानावरील ओळींची सरासरी आणि एकूण पाने यांचा गुणाकार आम्ही करत असू. निवड करताना पहिली पाने टाळत असू, कारण आरंभी प्रत्येक लेखकाचे अक्षर सुटसुटीत असते आणि शंभराव्या पानापर्यंत ते दाटीवाटीने बसू लागते. ज्यांचे लेखन आजही वहीत आहे, त्यांनी याच रीतीने अंदाज काढावा आणि पत्रात ‘हस्तलिखितावरून काढलेला अंदाज’ असे नमूद करावे.

उंबरठ्यावरची लेखिका

दोन दिवस हिशेबात गेले. रेघा मोजल्या: त्या खरोखरच ११५० भरल्या, त्यामुळे ५०,२५० हाच आकडा मी धरला आहे. तीन प्रकरणे डेमी आकारात ओतून पाहिली. पूर्ण पानांवर सरासरी २२८ शब्द पडले. म्हणजे निव्वळ मजकुराची २२० पाने, प्रकरणांच्या कोऱ्या जागांची १५ आणि आरंभीची ८, एकूण २४३. अर्ध्या फॉर्मपर्यंत नेले तर २४८ पाने होतात. माझ्या टंकलिखित प्रतीचीही नेमकी २४८ पाने आहेत, हे पाहून मला हसू आवरेना. आपण सर्वांनी समजावले नसते, तर ‘पाहा, टंकलिखित पान म्हणजेच छापील पान’ असा नवाच नियम मी शोधून काढला असता.

योजनेचेही उत्तर आले. मर्यादा अनुवादित मजकुराला असून मूळ मराठी उतारा त्याच्यासोबत पूर्ण जोडायचा आहे, त्याला वेगळी मर्यादा नाही. दुसऱ्या प्रकाशकाची २०० पाने मात्र मी ओलांडते आहे. ४३ पाने कापायला बसावे, की तिथे पाठवूच नये?

खिळे आणि शाई

कापण्याआधी प्रकाशकाला दोन ओळींचे पत्र लिहून विचारा, की ही २०० पाने कोणत्या आकाराची आणि पानाला साधारण किती शब्द धरून सांगितली आहेत. तुमचे २२८ हे तुम्ही निवडलेल्या अक्षराच्या आकाराचे फळ आहे. अक्षर एका पॉइंटने लहान आणि ओळ दोनने जास्त घेतली, तर पानाला २६५ च्या आसपास शब्द बसू शकतील. मग मजकुराची १९० पाने, अधिक २३, म्हणजे २१३. छपाई २१६ पानांची. तरीही मर्यादा ओलांडली जाते, पण आता तफावत ४३ ऐवजी १३ पानांची राहते, आणि मनोगत दोन परिच्छेदांचे केले व लहान प्रकरणे सलग घेतली, तर तीही कमी होते. प्रकाशकाच्या मनात जर क्राऊनसारखा लहान आकार असेल, तर मात्र हे गणित तुमच्या विरुद्ध जाईल. म्हणून आधी आकार विचारा.

निवृत्त संपादक

आणि त्या पत्रात स्वतःच्या पानांचा आकडा देऊ नका. ‘कादंबरी, १९ प्रकरणे, सुमारे ५०,००० शब्द, संगणकीय गणना, युनिकोड फाइल, तळटिपा व परिशिष्टे नाहीत’ एवढे लिहा. एवढ्या माहितीवरून त्यांचा अक्षरजुळणीकार पाच मिनिटांत त्यांच्या मापाची पाने काढून देईल.